बुधवारची गोळी, शनिवारचा परिणाम

केमिकललोचा

परवा आमच्या चुलतभावाने कायप्पावर (म्हणजे व्हॉट्सॲपवर) एक ढकलपत्र पाठवलं. 'व्हायग्रा' हा शब्द म्हणे संस्कृत 'व्याघ्र'वरून आला, सबब गोळीही आपलीच. खाली चार वाघांची चित्रं. मी तीस वर्षं औषधकंपन्यांच्या प्रयोगशाळांत फ्लास्क हलवले आहेत, त्यामुळे हात शिवशिवले. खरी गोष्ट त्या वाघांपेक्षा रंजक आहे, म्हणून इथे लिहितोय. विषय चावट वाटला तर वाटू दे, प्रतिसाद जरा बेताने टाका.

इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच नावाचं जुनं गाव आहे. तिथे फायझर कंपनीचं संशोधन केंद्र होतं. १९८०च्या दशकात तिथली मंडळी रक्तदाब आणि अंजायना यांवर औषध शोधत होती. अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत येणारी कळ. विचार साधा होता. रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडले की वाहिनी रुंदावते. ते सैल पाडायचं काम सीजीएमपी नावाचा रेणू करतो. पण शरीरात पीडीई-५ नावाचं एक विकर असतं, ते या सीजीएमपीचा फडशा पाडतं. त्या विकराच्या तोंडात बोळा कोंबला तर सीजीएमपी जास्त वेळ टिकेल आणि वाहिन्या सैल राहतील. झाप्रिनास्ट नावाचा एक जुना रेणू होता, मुळात ॲलर्जीसाठी केलेला. तो हे काम थोडंफार करायचा. त्याच्यावर बदल करत करत १९८९ साली एक रेणू हाती लागला. नाव काय, तर यूके-९२,४८०. पेटंटवर अँड्र्यू बेल, डेव्हिड ब्राउन आणि निकोलस टेरेट या तिघांची नावं आहेत. याच आकड्याचं पुढे सिल्डेनाफिल असं बारसं झालं, आणि व्हायग्राच्या गोळीतलं औषध ते हेच.

१९९१मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर चाचण्या सुरू झाल्या. हृदयाच्या बाजूने निकाल कोमट. रक्तातलं औषध साधारण चार तासांत निम्म्यावर यायचं, म्हणजे गोळी दिवसातून तीनदा घेणं आलं. शिवाय अंजायनाचे रुग्ण नायट्रेटची जी गोळी जिभेखाली ठेवतात, तिच्याशी हिची गाठ पडली की रक्तदाब धाडकन खाली. ज्यांच्यासाठी औषध करायचं त्यांनाच ते धोक्याचं! फाइल कपाटात जायच्या बेतात होती.

अशात वेल्समध्ये दहा दिवसांची एक चाचणी झाली. दर आठ तासांनी गोळी. शेवटी शिरस्त्याप्रमाणे विचारणा झाली, काय काय त्रास झाला? डोकं दुखलं, पोट बिघडलं, पाठ आणि मांड्या भरून आल्या. आणि काहींनी सांगितलं की ताठरता वारंवार येते आहे.

चाचण्या सांभाळणारे डॉ. इयन ऑस्टरलो यांनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं आहे की तेव्हा कंपनीत याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. तो परिणाम दिसायला गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवस जात होते. बुधवारी गोळी घेऊन शनिवारी उपयोग होणार असेल तर ती घेणार कोण, असं त्यांच्या मनात आलं होतं.

आमच्या कामात दुष्परिणामांच्या तक्त्यात शेवटी 'इतर' असा एक रकाना असायचा. तो वाचायचा सगळ्यांना कंटाळा. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे की कुणीतरी तो रकाना वाचला. मग ताठरतेची तक्रार असलेल्या रुग्णांवर लहान चाचण्या झाल्या. एकच गोळी, गरजेच्या आधी तासभर, आणि काम झालं! बुधवार-शनिवारची भानगडच मिटली. मग मोठ्या चाचण्या, एकवीस चाचण्यांत मिळून तीन हजारांवर पुरुष. २७ मार्च १९९८ला अमेरिकेच्या एफडीएने परवानगी दिली.

तर मंडळी, याला अपघात म्हणायचं का?

भुंगा

पयला! लेख आवडला. 'फाइल कपाटात जायच्या बेतात होती' आणि मग उभी राहिली, असं लिहायचं राहिलं का? हलकं घ्या.

केमिकललोचा

भुंगा, बेताने म्हटलं होतं ना रे.

लंडनचा पाऊस

छान धागा. मी केंटमध्ये अकरा वर्षं राहिलो, सँडविच घरापासून वीस मिनिटांवर. तुम्ही ज्या केंद्राबद्दल लिहिलंय ते बंद करत असल्याचं कंपनीने फेब्रुवारी २०११मध्ये जाहीर केलं. सुमारे २,४०० लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. एवढ्याशा गावाला तो केवढा धक्का असेल बघा. आता तिथे डिस्कव्हरी पार्क नावाने छोट्या-मोठ्या कंपन्या भाड्याने बसतात.

गोळीतलं मूळ औषध मात्र आयर्लंडमध्ये कॉर्कजवळच्या रिंगास्किडी गावातल्या कारखान्यात तयार होत असे. तिथले लोक पाहुण्यांना सांगतात की कारखान्याच्या धुरानेच गावातले पुरुष आणि कुत्रे ताजेतवाने राहतात. थाप आहे, पण पबमध्ये अगदी गंभीर चेहऱ्याने मारतात.

वेल्सबद्दल थोडी भर. सुरुवातीच्या चाचण्या मर्थर टिडफिल या गावात झाल्या. लोखंड आणि कोळसा यांवर उभं राहिलेलं गाव. तिथली मर्थर व्हेल खाण १९८९ साली बंद पडली. याच खाणीचा राडारोड्याचा डोंगर १९६६ साली आबरफान गावातल्या शाळेवर घसरला होता. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. खाणी गेल्या, रोजगार गेला, आणि गावात औषधांच्या चाचण्या घेणारं केंद्र होतं. चार पैसे मिळतात म्हणून तरुण पोरं जायची. जगभरच्या शयनगृहांत जे काही बदललं त्याची सुरुवात या पोरांच्या नडीतून झाली, आणि त्यांना मिळालं ते ठरलेलं मानधन.

गिरणगावकर

पाऊसदादा, हे वाचून थांबलो. आमच्या लालबागेत ब्याऐंशीच्या संपानंतर जे झालं ते आठवलं. वडील त्याआधी जॉबर होते, नंतर वॉचमन झाले. शेजारचे एक काका रक्त विकायचे, हे आम्हा पोरांना खूप उशिरा कळलं. माणसाकडे विकायला काहीच उरलं नाही की शरीर उरतं. त्या मर्थरवाल्यांनी निदान जे झालं ते खरं सांगितलं. मी असतो तर सांगितलं नसतं. 'इतर' रकान्यात 'काही नाही' लिहून घरी आलो असतो.

साधा डॉक्टर

लोचासाहेब, लेख उत्तम. तुमच्या 'अपघात का' या प्रश्नावर एक जोड देतो. या क्षेत्रात खरा अपघात आधीच घडून गेला होता.

फ्रान्समधले एक शल्यविशारद, रोनाल्ड व्हिराग, यांच्याकडून एका शस्त्रक्रियेत पापाव्हेरीन हे औषध भलत्या रोहिणीत गेलं आणि भुलीखाली असलेल्या रुग्णाला ताठरता आली. १९८२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पापाव्हेरीन ही अफूतून मिळणारी जुनी वस्तू, स्नायू सैल करणारी. त्यातून इंजेक्शनची पद्धत आली. हो, तिथेच टोचायचं. सुई बारीक असते, पण तरी.

आणि १९८३ साली लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली नावाचे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ भाषणाला उभे राहिले. वय सत्तावन्न. अंगात सैलसर ट्रॅकसूट. इंजेक्शनने ताठरता येते हे स्लाइडवरून पटणार नाही, म्हणून हॉटेलच्या खोलीतच स्वतःला टोचून आले होते. मंचावर त्यांनी विजार खाली ओढली आणि खात्री करून घ्या म्हणत पुढच्या रांगांकडे चालू लागले. सभागृहात काही जण सपत्नीक आले होते. किंकाळ्या फुटल्या. पण त्या दिवसानंतर 'हा आजार मनाचा आहे' हे पालुपद डॉक्टरांना पूर्वीच्या ठसक्यात म्हणता येईना. रक्ताचं गणित आहे, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९९८च्या आधी रुग्णासमोर पर्याय काय होते? इंजेक्शन, हवा ओढणारा पंप, किंवा शस्त्रक्रिया करून आत बसवायची कांडी. गोळी आल्यावर रांगा का लागल्या ते यावरून कळेल. मे १९९८मध्ये आलेल्या शोधनिबंधात गोळी घेणाऱ्यांचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले होते, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचे २२ टक्के. त्या २२वरही विचार करा. मनाचा वाटा तेवढा आहेच.

एक गैरसमज मात्र माझ्या दवाखान्यात रोज येतो. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. मनात काही आलं की मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, तो सीजीएमपी तयार करतो, आणि गोळी त्या सीजीएमपीला फक्त टिकवते. मनात काहीच नसेल तर गोळी खाऊन माणूस बातम्या बघत बसेल, फार तर नाक चोंदेल. काहींना सगळं थोडं निळसर दिसतं. डोळ्याच्या पडद्यातही याच कुटुंबातलं पीडीई-६ विकर असतं, गोळी त्यालाही जरासं डिवचते.

आजी_ऑनलाइन

डॉक्टर, ट्रॅकसूटवाल्या गृहस्थांचं वाचून चहा नाकात गेला. वय वर्षे ७४, त्यामुळे मला बेताने वगैरे लागू नाही.

कोर्टाची_पायरी

अपघात की नाही, या प्रश्नाचा लंडनच्या न्यायालयात रीतसर निकाल लागलेला आहे, हे कुणी लिहिलंच नाही.

कंपनीने रेणूच्या पेटंटशिवाय आणखी एक पेटंट घेतलं होतं, पीडीई-५ रोखणारी औषधं ताठरतेच्या तक्रारीसाठी वापरण्याबद्दलचं. तेही व्यापक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने वेगळा रेणू काढला तरी वाट अडवणारं. टाडालाफिल हे याच जातीचं दुसरं औषध घेऊन येऊ पाहणाऱ्या लिली-आयकॉस कंपनीने त्याला आव्हान दिलं. नोव्हेंबर २०००मध्ये न्यायमूर्ती लॅडी यांनी ते पेटंट रद्द केलं आणि २००२मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कारण? हे 'उघड' होतं. नायट्रिक ऑक्साइड आणि ताठरता यांचं नातं आधीच छापून आलं होतं. ते वाचणाऱ्या जाणकार माणसाला पीडीई-५चं औषध करून पाहावं असं वाटलंच असतं. जे उघड आहे त्यावर पेटंट नाही.

म्हणजे बघा, जग म्हणतंय अपघात, न्यायालय म्हणतंय हे तर कुणालाही सुचलं असतं. आणि कंपनी मध्ये उभी.

कॅनडात आणखी गंमत. तिथल्या पेटंटमध्ये अब्जावधी रेणूंपासून सुरुवात करून शेवटी दोन रेणूंचे स्वतंत्र दावे होते, पण खरं काम करणारा कोणता ते स्पष्ट सांगितलं नव्हतं. लपवाछपवी करून मक्तेदारी मागता येत नाही, असं म्हणून २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला.

आपल्याकडे हा तंटा फार रंगलाच नाही. १९७०च्या कायद्याने आपण औषधाच्या रेणूवर पेटंट देतच नव्हतो, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर देत होतो. उत्पादनावरचं पेटंट आलं १ जानेवारी २००५पासून. तोवर २००१च्या सुमारास देशी कंपन्यांचं सिल्डेनाफिल दुकानात आलेलं होतं, मूळ निळी गोळी इथे नंतर पोचली.

केमिकललोचा

पायरीसाहेब, दंडवत. न्यायालयाचा निकाल मला ठाऊक होता, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

तरी प्रयोगशाळेतला माणूस म्हणून एक तक्रार. मागे वळून पाहिलं की सगळंच उघड दिसतं. जानेवारी १९९२मध्ये राइफर, इग्नारो वगैरे मंडळींचा शोधनिबंध आला. ताठरतेमागचा निरोप्या नायट्रिक ऑक्साइड आहे, असं त्यात दाखवलं होतं. तो जगात कुणालाही विकत मिळत होता. पण तो वाचताना ज्याच्या कपाटात योग्य रेणू तयार होता आणि ज्याच्या टेबलावर वेल्सच्या पोरांच्या तक्रारींचा कागद पडला होता, असे लोक एकाच ठिकाणी बसले होते. कागद नसता तर? निबंध वाचून मान डोलावून ठेवला असता. नुसता कागद असता आणि निबंध नसता, तरी कुणी वरच्यांकडे पैसे मागायला धजावलं नसतं. माझं मत आता असं झालंय की अपघात पंचवीस टक्के. तुमच्या न्यायमूर्तींना कळवा.

साधा डॉक्टर

इग्नारोंचं नाव निघालंच आहे तर जाता जाता. गोळी बाजारात आली त्याच १९९८ साली रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. आणि ज्याच्या नावाने हे पारितोषिक त्या आल्फ्रेड नोबेलची इस्टेट नायट्रोग्लिसरीनवर, म्हणजे डायनामाइटवर उभी. शेवटच्या आजारपणात हृदयासाठी डॉक्टरांनी त्याला लिहून दिलं काय, तर नायट्रोग्लिसरीन! १८९६च्या एका पत्रात त्याने याची स्वतःच थट्टा केली आहे, की औषधवाला आणि लोक घाबरू नयेत म्हणून याला ट्रायनायट्रिन म्हणतात. ते औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडूनच काम करतं, हे कळायला पुढे ऐंशी वर्षं लागली.

वऱ्हाडी ठेचा

का राजेहो, तुमी लंडन-कॅनडा फिरून आले, आमच्या बसस्टँडामागचा तंबू कोणी पायला नाही. लहानपनी पायलेला शीन सांगतो. चटईवर जिवंत सांडे, पाठ मोडलेले, म्हनून पळता येत नाही त्यायले. बाजूले स्टोव्ह, कढईत तेल. मानसं येऊन उभे राहात, बोलत कोनीच नाही. तेलाची शिशी खिशात घालून चालले जात. तो सांडा म्हन्जे बिच्चारा गवतपाला खानारा सरडा. वन्यजीव कायद्यानं त्याले पकडताच येत नाही, तरी पकडते. त्याच्या तेलात चरबीशिवाय काही नसते. गोळी चांगली की वाईट मले नाही समजत, पन सांड्याच्या बाजूनं मी गोळीले मत देतो.

कोर्टाची_पायरी

ठेचाभाऊ, +१. तंबूवर लावलेला फलकसुद्धा बेकायदेशीर असतो. १९५४चा औषधे व चमत्कारी उपाय कायदा आहे, त्यात लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी जाहिरातच वर्ज्य आहे. रेल्वेलाइनच्या भिंती बघितल्या की कायद्याचा धाक किती ते कळतं.

साधा डॉक्टर

भिंतीवरच्या त्या 'शंभर टक्के जडीबुटी' पुड्यांबद्दल सावध राहा. अशा मालात गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने कितीतरी वेळा दिले आहेत. म्हणजे गुण येतो तो गोळीचाच, फक्त किती पोटात गेली ते कळत नाही. ज्याला हृदयाची नायट्रेट चालू आहे त्याने 'हर्बल तर आहे' म्हणून अशी पुडी घेतली तर थेट अतिदक्षता विभाग.

पिल्लूची आई

इतके दिवस वाचनमात्र होते. आज लिहिते.

आमच्या मुलीच्या वेळी माझे पूर्ण दिवस भरले होते. पण जन्मल्यावर तिच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल पडेनात. रक्त फुप्फुसात शिरतच नव्हतं, पोरगी निळी. काचेच्या पेटीत, नळ्या. तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी कागदावर औषधं लिहून दिली आणि नवरा खाली दुकानात गेला. त्यात सिल्डेनाफिल होतं. काउंटरवरचा माणूस हसला आणि म्हणाला, "काय साहेब, आज विशेष?" मागे दोघं उभे होते, तेही हसले. नवऱ्याने काही न बोलता कागद उलटा करून नवजात विभागाचा शिक्का दाखवला. मग तो माणूस इतका ओशाळला की पैसे घ्यायलाच तयार नव्हता.

नवऱ्याने ही गोष्ट मला वर्षभराने सांगितली. त्या रात्री त्याला रडूही येत होतं आणि ते हसणंही कानातून जात नव्हतं.

मुलगी आता पाचवीत आहे. शाळेच्या कबड्डी संघात आहे. लोचाकाका, मूळ औषध रक्तदाबासाठी शोधत होते असं तुम्ही लिहिलंत. आमच्या घरात ते त्याच कामाला आलं.

केमिकललोचा

ताई, काय लिहू. हा भाग मी मूळ लेखात एका ओळीत उरकणार होतो, मग तेवढाही ठेवला नाही. फुप्फुसांतल्या वाढलेल्या दाबासाठी २००५ साली अमेरिकेत याच औषधाला मोठ्या माणसांकरता वेगळ्या नावाने परवानगी मिळाली. २० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा. गोळी पांढरी, निळी नाही. फुप्फुसांतल्या वाहिन्यांतही पीडीई-५ भरपूर असतं, त्यामुळे तिथे हे औषध नेमकं लागू पडतं. म्हणजे हृदयावरचं औषध फसलं, असं आपण इतका वेळ म्हणत होतो ते अर्धंच. शेजारच्या खोलीत ते पास झालं.

कबड्डीपटूला आशीर्वाद.

भुंगा

पहिला प्रतिसाद मागे घेता येतो का हो?

साधा डॉक्टर

पिल्लूच्या आईचा अनुभव वाचून कुणी 'मग सगळ्याच बाळांना द्या' म्हणू नये, म्हणून लगेच लिहितो. पोटातल्या बाळाची वाढ खुंटली असेल तर आईला सिल्डेनाफिल देऊन वारेचा रक्तपुरवठा सुधारतो का, याची नेदरलँड्समध्ये चाचणी चालू होती. बाळं जन्मल्यावर फुप्फुसांच्या त्रासाने दगावू लागली तेव्हा २०१८मध्ये ती थांबवावी लागली. रेणू तोच, पण कुणाला, केव्हा, किती, यावर सगळं ठरतं.

कुणीतरी५२

नमस्कार. हा आयडी आजच काढला आहे. इथला जुनाच सदस्य आहे, ओळखू नका.

वय ५२. साखर नऊ वर्षांपासून. दीड-दोन वर्षांपासून जमत नाही. बायकोला कामाचा ताण सांगतो. तीही आता विचारत नाही. मेडिकलवाल्याकडे जाऊन दोनदा खोकल्याचं औषध घेऊन आलो. मग ऑनलाइन काही मागवता येतं का बघत होतो, त्यात हा धागा दिसला. डॉक्टरसाहेब, माझ्यासारख्याने अर्धी गोळी घेऊन बघितली तर चालेल का? हृदयाचा त्रास नाही. म्हणजे कधी तपासलं नाही.

भुंगा

काका/दादा/जे असाल ते, डुप्लिकेट आयडी कुणाचा वगैरे कुणी खणणार नाही. खणलं तर मी त्याच्या मागे लागेन.

साधा डॉक्टर

कुणीतरी५२, बरं झालं विचारलंत. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

लिंगाकडे जाणाऱ्या रोहिण्या साधारण एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटर. साखरेने आणि कोलेस्टेरॉलने नळ्या आतून खराब होऊ लागल्या की आधी बारीक नळी कुरकुरते. जाड नळीची वेळ काही वर्षांनी येते. म्हणून तुमच्या वयात, मधुमेह असताना, ही तक्रार म्हणजे हृदयाकडून आलेलं आगाऊ पत्र असू शकतं. असेलच असं नाही, पण पत्र न फोडता ठेवू नका.

गोळी चालेल का, हे मी इथून सांगणार नाही. आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नसते, आणि त्याला अर्थ आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. दारातून आत शिरल्या शिरल्या हेच वाक्य म्हणा: "ताठरता येत नाही, दीड वर्ष झालं." साखर, पाय, डोळे यांबद्दल बोलून मग निघताना दाराशी सांगायचं, असं करू नका. माझे निम्मे रुग्ण दाराची कडी हातात असताना खरी तक्रार सांगतात. सोबत तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट न्या, चालू गोळ्यांची यादी न्या, ईसीजी आणि गरज वाटली तर ट्रेडमिल चाचणी करून घ्या.

आणि कधीही छातीत दुखून दवाखान्यात जायची वेळ आली तर ही गोळी घेतली होती का ते न लाजता सांगायचं. सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास आणि टाडालाफिल घेतल्यावर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देता येत नाही.

गिरणगावकर

५२ साहेब, मी वर लिहिलंय ना, मी असतो तर 'काही नाही' लिहिलं असतं. तुम्ही नाही लिहिलंत. जाऊन या.

आजी_ऑनलाइन

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली मासिक काढून या गोष्टी मराठीत छापल्या, तेव्हा त्यांच्यावर खटले झाले. माझ्या सासऱ्यांकडे त्याचे अंक होते, गव्हाच्या कोठीच्या मागे. घरातल्या सगळ्यांना ते तिथे आहेत हे माहीत होतं आणि प्रत्येकाला वाटायचं की आपल्या एकट्यालाच माहीत आहे. बाळ ५२, बायकोला खरं सांग. तिला वाटत असेल तू तिला कंटाळलास.

जरा हलकं करते. मी मागे वाचलं होतं की ही गोळी फुलदाणीच्या पाण्यात टाकली की फुलं टिकतात. खरं का?

केमिकललोचा

आजी, खरं आहे. इस्राएल आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी करून पाहिलं, १९९९ साली बातमी आली होती. पाण्यात एक मिलिग्रॅम, म्हणजे माणसाच्या नेहमीच्या गोळीचा पन्नासावा हिस्सा. तेवढ्याने फुलं आठवडाभर जास्त ताठ राहिली. झाडांतही नायट्रिक ऑक्साइडचा कारभार असतो. आणि अर्जेंटिनात हॅमस्टरना ही गोळी देऊन पाहिली तर दिवस-रात्रीचं वेळापत्रक पुढे सरकवलं असता ते लवकर रुळले. त्याला २००७चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

कुणीतरी५२

बारा दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांकडे गेलो. आत शिरताच म्हणालो, पाठ करून गेलो होतो. ते म्हणाले, बसा तरी. ईसीजी ठीक. साखर तीन महिन्यांची ९.४ निघाली, त्यावर ओरडा खाल्ला. ट्रेडमिल गुरुवारी आहे. ते झाल्याशिवाय गोळी लिहून देणार नाही म्हणाले.

बायकोला सांगितलं. आजी, तुम्ही म्हणालात तेच तिला वाटत होतं. तिने हा अख्खा धागा वाचला. ट्रॅकसूटवाल्याच्या पुढे जाऊच शकली नाही, दहा मिनिटं हसत होती. गुरुवारी सोबत येतेय. विचारते आहे की एक मिलिग्रॅम म्हणजे गोळी कशी फोडायची, गॅलरीत निशिगंध आणून ठेवलाय.

संपादक मंडळ, हा आयडी आता बंद केला तरी चालेल.

आजी_ऑनलाइन

निशिगंधाला साधं पाणी रोज बदल म्हणावं तिला. देठ तिरका कापायचा.